भाऊ रिगच्या बोटीवर, बहीण सभेत

पत्र:

ताई, नमस्कार.

मी एका छोट्या बेटावर राहते आणि इथल्याच शाळेत शिकवते. बेटाचं नाव छापू नका. इथे कोण कुणाचं कोण हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या किनाऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर समुद्रात तेलाची शोधविहीर खोदायला सरकारने तत्त्वतः परवानगी दिली आहे. पर्यावरण अहवालावर सध्या हरकती मागवल्या आहेत. बेट उभं दुभंगलंय. माझे वडील अजून स्वतःची होडी घेऊन मासेमारीला जातात. धाकटा भाऊ बराच काळ बेकार होता. त्याला आता रिगला, म्हणजे समुद्रात विहीर खोदणाऱ्या मंचाला, सामान पोचवणाऱ्या बोटीवर नोकरी लागली आहे आणि खूप दिवसांनी तो खुशीत दिसतो.

पुढच्या महिन्यात एका मोठ्या पर्यावरण संघटनेचं जहाज येणार आहे. धक्क्यावर सभा आहे. इथली माणूस म्हणून मी बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. भाऊ म्हणतो, "तू तिथे माईक धरलास तर मी बोटीवर कुठल्या तोंडाने जाऊ? आणि तुझ्या शाळेतले दिवे डिझेलच्या जनरेटरवरच लागतात ना?" शेजारी म्हणतात, बाहेरची माणसं फोटो काढून निघून जातील, तुला इथेच राहायचंय. वडील काहीच बोलत नाहीत. मला विहीर नको आहे, पण घरही फुटायला नको. बोलू की गप्प बसू?

– दोघांच्या मधे उभी

उत्तर:

बोला.

हे आधी सांगून टाकते, कारण तुमचं मत तयार आहे. पत्राच्या अगदी शेवटी ते येतं, "मला विहीर नको आहे", आणि त्याच दमात 'पण' येतो. त्या 'पण'चं काय करायचं एवढंच उरतं, आणि ते काही लहान नाही. शहरात मोर्चाला गेलेला माणूस संध्याकाळी अनोळखी गर्दीत मिसळून जातो. बेटावर तुम्ही सकाळी भाषण केलं की दुपारी भेटणारा दुकानदार, बोटीचा तांडेल, दवाखान्यातली नर्स, वर्गातल्या मुलांचे आईवडील, सगळे तेच. म्हणून बेटावरची कितीतरी माणसं मत असूनही तोंड उघडत नाहीत. मग त्यांचं मौन जो तो आपल्या खात्यात जमा करतो. कंपनी म्हणते, लोकांची हरकत नाही. संघटना म्हणते, लोक घाबरले आहेत. तुमच्या वडिलांच्या गप्प बसण्याचाही असाच दोन्हीकडून अर्थ लावला जात असणार.

तुमच्या अस्वस्थतेचं मूळ कुठे आहे ते नीट पाहा, म्हणजे ती भावावर निघणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत समुद्रतळाखाली जे काही सापडेल त्यावर हक्क देशाचा. बेटावर राहणाऱ्यांचा असा वेगळा हक्क त्यात नाही. परवान्यावर सही राजधानीत होते आणि तेलाचा तवंग आला तर तो बेटावर येतो. कॅनरी बेटांवर हेच भांडण झालं. मार्च २०१२ मध्ये स्पेनच्या केंद्र सरकारने रेपसोल या कंपनीला लांझारोटे आणि फुएर्तेव्हेंतुरा या बेटांसमोर शोधविहिरी खोदायची परवानगी दिली. या दोन बेटांवर प्यायचं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांतून येतं आणि पोट पर्यटनावर चालतं. समुद्र बिघडला तर नळही बंद आणि हॉटेलंही बंद. बेटांचं प्रादेशिक सरकारच केंद्राच्या विरोधात उभं राहिलं. ७ जून २०१४ रोजी बेटाबेटांवर मोठे मोर्चे निघाले. प्रादेशिक सरकारने २३ नोव्हेंबरला लोकांचं मत घ्यायचं ठरवलं, तर केंद्र न्यायालयात गेलं आणि घटनात्मक न्यायालयाने ते मतदान थांबवलं. १५ नोव्हेंबरला ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या रबरी बोटींना स्पॅनिश नौदलाच्या बोटींनी धडका दिल्या, त्यात एका तरुण इटालियन कार्यकर्तीचा पाय मोडला. त्यानंतर तीनच दिवसांत खोदकाम सुरू झालं. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की वायू लागला, पण काढण्याजोगा नाही. प्रमाणही कमी आणि दर्जाही. खोदणारं जहाज निघून गेलं.

ही गोष्ट सांगताना एक बाजू नेहमी गाळली जाते. त्या वेळी कॅनरी बेटांवर बेकारी ३० टक्क्यांच्या वर होती. परवानगी देणारे उद्योगमंत्री होसे मान्युएल सोरिया स्वतः त्याच बेटांवरचे होते. विहीर हवी म्हणणारे सगळे विकले गेलेले होते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. घरातला तरुण मुलगा रोज धक्क्यावर जाऊन रिकाम्या हाताने परत येतो, तेव्हा त्या घराला समुद्र वेगळा दिसतो. तुमच्या भावाला तो तसाच दिसत होता आणि तुम्ही ते जवळून पाहिलंय.

म्हणून त्याच्या नोकरीबद्दल थोडं सविस्तर लिहिते. शोधविहिरीचं काम सहसा काही आठवड्यांचं, फार तर काही महिन्यांचं असतं. खोदणारी मंडळी जहाजाबरोबरच येतात, आज या समुद्रात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या. स्थानिकांच्या वाट्याला येते पुरवठ्याची बोट, धक्क्यावरची चढउतार, राखण, स्वयंपाक. विहीर कोरडी निघाली तर हे सगळं एका दिवसात संपतं. तेल लागलं तरी प्रत्यक्ष उत्पादन सुरू व्हायला वर्षानुवर्षं जातात. फॉकलंड बेटांजवळचा 'सी लायन' हा साठा २०१० मध्ये सापडला. तिथलं सरकार तेलाच्या बाजूचं असूनही पुढची दहा वर्षं उलटली तरी तिथून उत्पादन सुरू झालेलं नव्हतं. भावाला हे टोमणा मारून सांगू नका. त्याच्या हिताचं म्हणून सांगा: करार किती दिवसांचा आहे ते वाच, सुरक्षा प्रशिक्षण आणि खलाशी म्हणून लागणारे दाखले कंपनीच्या खर्चाने पदरात पाडून घे. ते दाखले उद्या दुसऱ्या कुठल्याही बोटीवर चालतील. नोकरी सोड, असं मात्र चुकूनही म्हणू नका. ती सोडल्याने विहीर थांबणार नाही; त्याच्या जागी दुसरा उभा राहील आणि तुमच्या घरात एक कायमची अढी बसेल.

आणखी एक सांगते, कारण असं होताना मी पाहिलंय. आंदोलनातली मंडळी हळूच विचारतील, "तुमचा भाऊ आत आहे ना? रिग कधी येणार, किती माणसं, काय सामान चढलं?" यातलं काहीही भावाला विचारू नका. त्याची नोकरी जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा तुमच्यावरचा विश्वास जाईल. तसंच सभेची तयारी, कोण येणार, कोण बोलणार, हे त्याच्याकडून बोटीवर जाणार नाही, असं त्याच्याकडूनही कबूल करून घ्या. घरात या विषयावर भांडा, पण घरातलं बाहेर आणि बाहेरचं घरात नेऊ नका.

आता बाहेरून येणाऱ्या जहाजाबद्दल. शेजाऱ्यांची शंका मला रास्त वाटते. पाहुणे येऊन बेटाला शहाणपण शिकवतात, उंटावरून शेळ्या हाकतात, हा अनुभव अनेक बेटांचा आहे. सगळ्यात बोलका ग्रीनलंडचा. २००९ च्या स्वशासन कायद्याने जमिनीखालच्या संपत्तीवर ग्रीनलंडला अधिकार मिळाला. तेल लागलं तर डेन्मार्कच्या वार्षिक अनुदानावर अवलंबून राहावं लागणार नाही, स्वातंत्र्य जवळ येईल, ही आशा तिथे खरी होती. २०१० आणि २०११ मध्ये केर्न एनर्जी या कंपनीने तिथे आठ विहिरी खोदल्या. ग्रीनपीसचे कार्यकर्ते ऑगस्ट २०१० मध्ये रिगवर चढले, पुढच्या वर्षी पुन्हा चढले. ग्रीनलंडच्या लोकांनी त्यांचं स्वागत केलं नाही. पंतप्रधान कूपिक क्लाइस्ट यांनी त्या कृतीचा जाहीर निषेध केला. कारण जुनं होतं. १९७० आणि ८० च्या दशकांत सीलच्या शिकारीविरुद्ध जी मोहीम झाली, तिने युरोपातली कातड्याची बाजारपेठ कोसळली. व्यापारी कत्तलीवर रोखलेली ती मोहीम शेवटी इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, शिकाऱ्यांच्या घरावर आली. ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने त्याबद्दल इनुइटांची माफी मागितली ती २०१४ मध्ये. जी संघटना एकदा तुमची चूल विझवून गेली, ती समुद्र वाचवायला आली तर विश्वास कसा बसेल?

पुढचं ऐका. त्या आठही विहिरींतून काढण्याजोगं तेल निघालं नाही. आणि जुलै २०२१ मध्ये ग्रीनलंडच्या नव्या सरकारने स्वतःहून तेलशोधाचे नवे परवाने देणं बंद केलं. त्यांनी हवामानाचा, मासेमारीचा, पर्यटनाचा विचार केला आणि निर्णय घेतला. रिगवर चढलेल्यांना जे जमलं नाही ते तिथल्या मतदारांनी निवडलेल्या सरकारने केलं.

याच्या उलट क्लाइड रिव्हर. कॅनडाच्या बॅफिन बेटावरची जेमतेम हजारभर इनुइटांची वस्ती. तिथल्या समुद्रात तेलाचा माग काढण्यासाठी भूकंपीय सर्वेक्षण व्हायचं होतं. म्हणजे जहाजामागे एअरगन बांधून दर काही सेकंदांनी पाण्यात प्रचंड आवाज करायचा आणि तळाखालून येणारे प्रतिध्वनी टिपायचे. वस्तीचं म्हणणं होतं की या आवाजाने व्हेल आणि सील दूर जातील आणि आमचं अन्न जाईल. लोकांनी प्रश्न विचारले. उत्तर म्हणून त्यांच्यापुढे ३,९२६ पानांचा दस्तऐवज आला. तो इंटरनेटवर टाकलेला, तिथलं इंटरनेट इतकं संथ की महापौरांनाही तो उतरवून घेता आला नाही, आणि त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत त्याचा अगदी थोडा भाग. ही वस्ती न्यायालयात गेली आणि २६ जुलै २०१७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी रद्द केली. लोकांशी खरा सल्लामसलतीचा व्यवहार झालाच नाही, असं न्यायालयाने म्हटलं. या लढ्यात ग्रीनपीस त्यांच्या सोबत होती. तीच ग्रीनपीस, जिच्या नावाने इनुइट बोटं मोडत. पण इथे महापौर जेरी नटानीन यांनी आपणहून तिच्याकडे मदत मागितली होती, बोलणारे वस्तीतले लोक होते आणि खटला वस्तीच्या नावाने होता. २०१६ मध्ये संघटनेचं जहाज तिथे आलं ते सौर पॅनल घेऊन, आणि ती वस्तीच्या सभागृहावर बसवली गेली.

तेव्हा जहाज येणार हे कळल्यावर संघटनेला आधी भेटा आणि सरळ विचारा: तुम्हाला इथे कुणी बोलावलं? सभेत बेटावरची किती माणसं बोलणार? त्यात विहिरीच्या बाजूचं कुणी असेल का? जहाज गेल्यानंतर इथे वकील, शास्त्रज्ञ, अहवाल वाचून समजावणारं माणूस द्याल का? या शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. हजारो पानांचा अहवाल वाचून त्यातली पळवाट दाखवणारं माणूस धक्क्यावरच्या शंभर फलकांहून मोलाचं असतं. उत्तर टाळाटाळीचं आलं तर त्यांच्या मंचावर जाऊ नका. तुमची सभा तुम्ही घ्या, शाळेच्या पटांगणात घ्या, आणि त्यांना श्रोते म्हणून बोलवा.

रिगजवळ बोटी न्यायचा बेत असेल तर तुम्ही आणि तुमच्या वडिलांची होडी त्यात नको. त्याच सागरी कायद्याने अशा बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र आखता येतं, आणि त्यात शिरलं की प्रकरण फौजदारी होतं. सप्टेंबर २०१३ मध्ये रशियाच्या प्रिराझलोम्नाया तेलमंचावर चढायचा प्रयत्न झाला, तेव्हा ग्रीनपीसच्या जहाजावरचे २८ कार्यकर्ते आणि २ पत्रकार महिनोन् महिने अडकले. आंतरराष्ट्रीय लवादाने नंतर रशियाची जहाज-जप्ती बेकायदा ठरवली हे खरं. पण त्यांच्यामागे जगभरचे वकील होते. होडी जप्त झाली तर तुमच्या घरची चूल कशी पेटेल, हा विचार तुम्हालाच करायचाय.

तुमच्या वडिलांकडे वळते. ते बोलत नाहीत, पण त्यांच्यापाशी बेटावरचा सगळ्यात मौल्यवान पुरावा असू शकतो. मी मोंटाराची गोष्ट सांगते, कारण बेटावरच्या प्रत्येक माणसाने ती ऐकावी असं मला मनापासून वाटतं. २१ ऑगस्ट २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, तिमोर समुद्रात, मोंटारा तेलमंचावरच्या विहिरीचा ताबा सुटला. तेल आणि वायू समुद्रात वाहू लागले ते ३ नोव्हेंबरपर्यंत, ७४ दिवस. ती बंद करायला दुरून दुसरी रिग आणावी लागली आणि तिने शेजारून तिरकी विहीर खोदून मूळ विहिरीत जड चिखल भरला, तेव्हा कुठे ती थांबली. तिथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर इंडोनेशियाचं रोटे बेट आहे. तिथले लोक समुद्रशेवाळाची शेती करत. त्यांना त्या विहिरीतून ना नोकरी मिळणार होती ना स्वामित्वधन, देशही वेगळा. त्यांचं शेवाळ पांढरं पडून कुजलं. मुलांचं शिक्षण त्यावर चाललं होतं, ते थांबलं. तेल इतक्या लांब पोचून नुकसान झालं हे कंपनीने मान्य केलं नाही. २०१६ मध्ये पंधरा हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या वतीने ऑस्ट्रेलियात खटला दाखल झाला, मार्च २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. गळतीला तोवर तेरा वर्षं झाली होती. या सगळ्या वर्षांत सिद्ध काय करावं लागलं? तेल इथवर आलं, आधी पीक किती यायचं, नंतर किती आलं. आपल्या आठवणी न्यायालयाला पटवून द्याव्या लागल्या.

म्हणून आजपासून नोंद ठेवा. वडील कोणत्या महिन्यात, कुठल्या भागात, कोणती मासळी, किती किलो आणतात, ती वहीत तारखेसह लिहा. त्यांना लिहायचा कंटाळा असेल तर ते सांगतील आणि तुम्ही लिहा. शाळेतल्या मोठ्या मुलांकडून किनाऱ्याच्या ठरलेल्या जागांचे दर महिन्याला फोटो काढून घ्या, तारीख दिसेल असे. पाण्याची आणि वाळूची तपासणी एखाद्या सरकारमान्य प्रयोगशाळेकडून खोदकामाआधी करून घेता आली तर उत्तम; संघटनेकडे पैसे मागायचे असतील तर ते यासाठी मागा. मासे का मोजायचे, तर दुष्परिणाम तेल सांडल्यावरच सुरू होतात असं नाही. १९९२ मध्ये बॅरेंट्स समुद्रात नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी मोजलं, तेव्हा एअरगन चालू असताना त्या परिसरात ट्रॉलला मिळणारी कॉड आणि हॅडॉक मासळी सरासरी निम्म्यावर आली होती आणि आवाज थांबल्यावर पाच दिवसांतही पूर्ववत झाली नव्हती. ही वही ठेवायला विरोधक असावं लागत नाही. तुमचा भाऊही त्यात लिहू शकतो, त्याच्या बोटीवरून काय दिसलं ते नव्हे, वडिलांबरोबर सुट्टीच्या दिवशी जाळं टाकलं तेव्हा काय मिळालं ते.

भावाच्या डिझेलच्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. तो प्रश्न खोचक असला तरी खोटा नाही. आपण तेल वापरतो. म्हणून आपल्या दारातल्या प्रत्येक विहिरीला हो म्हणायचं बंधन आपल्यावर येतं, हे मला मान्य नाही. जिथे धोका जास्त आणि सावरायची ताकद कमी, तिथे खोदू नका, असं म्हणायचा हक्क दिवा लावणाऱ्यालाही आहे. पण नुसतं एवढं म्हणून थांबलात तर तो पुन्हा विचारेल, आणि त्याने विचारावंच. ज्या २०१४ मध्ये कॅनरी बेटांवर विहिरीवरून रणकंदन चाललं होतं, त्याच वर्षी त्याच द्वीपसमूहातल्या एल हिएरो या लहानशा बेटावर वाऱ्यावर आणि उंचावरच्या जलाशयावर चालणारा वीजप्रकल्प सुरू झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात ते बेट सलग २४ दिवस केवळ अशा विजेवर चाललं. बाराही महिने तसं चालत नाही, डिझेलचं केंद्र तिथे अजून आहे. तरी बेटावर डिझेल बोटीने आणून जाळणं महागच पडतं, त्यामुळे ते कमी करण्यात सगळ्यात जास्त फायदा बेटाचाच असतो. तुमच्या भाषणात शाळेच्या छतावर सौर पॅनल बसवण्याची मागणी असू द्या. ती भावाच्या प्रश्नातून आली हे मंचावरून सांगितलंत तरी चालेल, त्याची हरकत नसेल तर.

आता माझं स्वतःचं मत, कारण सल्ला देणाऱ्याने ते झाकून ठेवू नये. मी तुमच्या जागी असते तर विरोध केला असता. बेटाला पाठीमागे जायला जागा नसते. मोठ्या भूभागावरच्या किनाऱ्याला तवंग आला तर मासेमार शे-दीडशे किलोमीटर सरकतो, पर्यटक दुसऱ्या गावी जातो, पाणी आतल्या धरणातून येतं. तुमच्या बेटाला यातलं काय आहे? अपघाताची शक्यता कमी असते असं कंपनी सांगेल आणि ते बरोबरही असेल. पण मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये डीपवॉटर होरायझन या रिगची विहीर ८७ दिवस वाहिली आणि ११ कामगार गेले, तेव्हा जगातली सगळी यंत्रसामग्री जवळच्या बंदरांत हाताशी होती. तुमच्यासमोरची विहीर सुटली तर शेजारून खोदणारी दुसरी रिग किती दिवसांत पोचेल? हा प्रश्न हरकतीत पहिला लिहा. तवंग अडवायचे तरंगते अडथळे बेटावर ठेवणार की शेकडो किलोमीटर लांबच्या गोदामात, तेही लिहा. आणि त्या ११ जणांमुळे आणखी एक: पुरवठा बोटीवरच्या कामगारांना सुटकेचं प्रशिक्षण काय मिळणार, हे विचारा. तो प्रश्न तुमच्या भावाचा आहे, आणि तुम्ही तो विचारलात हे त्याच्या बोटीवरच्या सगळ्यांना कळू द्या.

विरोध करूनही विहीर झाली तर? तो दिवस येण्याआधीच अटी बांधून घ्यायच्या, नाहीतर बैल गेला नि झोपा केला. शेटलंड बेटांनी हे करून दाखवलं. उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर तिथल्या बेटपरिषदेने १९७४ मध्ये ब्रिटिश संसदेतून स्वतंत्र कायदा करून घेतला. सलम व्हो इथल्या बंदरावर अधिकार मिळवले, कंपन्यांना बेटभर पसरू न देता एकाच ठिकाणी आणलं, आणि होणाऱ्या त्रासाची भरपाई म्हणून येणारा पैसा सार्वजनिक विश्वस्त निधीत टाकला. वृद्धांची देखभाल, खेळाची संकुलं त्यातून उभी राहिली. जेमतेम वीसेक हजार लोकवस्तीची बेटं होती ती. त्यांच्या हाती मोठी गोष्ट अशी की कंपन्यांना त्यांची जमीन आणि बंदर हवं होतं. तुमच्या बेटाकडे असं काय आहे, ते शोधा. धक्का कुणाच्या मालकीचा आहे? पुरवठा बोट तिथेच लागते ना?

सभेपेक्षाही मला गुप्त मतदान अधिक हवंसं वाटतं. कायद्याने बंधनकारक नसलं तरी चालेल. बेलीझमध्ये प्रवाळांच्या समुद्रातल्या तेलशोधाविरुद्ध लोकांनी सार्वमतासाठी सह्या गोळा केल्या, सरकारने त्यातल्या हजारो बाद केल्या. तेव्हा संघटनांनी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आपलं वेगळं लोकमतदान घेतलं. ९६ टक्के मतं तेलाच्या विरोधात पडली. सरकारने लगेच ऐकलं नाही. पण डिसेंबर २०१७ मध्ये त्याच देशाच्या संसदेने समुद्रातला तेलशोध थांबवणारा कायदा केला आणि पुढच्या वर्षी युनेस्कोने तिथली प्रवाळरांग धोक्यातल्या वारशांच्या यादीतून काढली. नॉर्वेत लोफोतेनच्या समुद्रात, जिथे बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला येतो, तिथेही तेल आजवर निघालं नाही. मच्छीमार आणि तरुण मंडळींनी वर्षानुवर्षं पिच्छा सोडला नाही, आणि २०१९ मध्ये तेलकामगारांशी जवळीक असलेल्या मजूर पक्षानेही तिथली बाजू बदलली. गाव करी ते राव न करी, ते हेच. तुमच्या बेटावर चिठ्ठी टाकून मत दिलं गेलं तर वडिलांना माईक धरावा लागणार नाही, भावाला बोटीवर मान खाली घालावी लागणार नाही, आणि निकाल विहिरीच्या बाजूने लागला तरी तो बेटाचा निकाल असेल. तसा लागला तर तुम्हाला तो पचवावा लागेल, हेही आत्ताच मनाशी ठरवा.

भाषण छोटं ठेवा. 'आम्ही बेटवासी' असं म्हणू नका, 'मी' म्हणा. निम्मं बेट तुमच्याशी सहमत नाही. कुणाच्या नोकरीवर बोट ठेवू नका. कंपनीत काम करणाऱ्यांना टाळ्यांच्या भरात कुणी दलाल म्हटलं तर भाषण थांबवा आणि तिथेच ते शब्द मागे घ्यायला लावा. तुमचा भाऊ तिथे नसला तरी त्याच्यापर्यंत ही बातमी तासाभरात पोचेल. काय बोलणार ते त्याला आधी वाचून दाखवा. परवानगी मागू नका. त्याच्याबद्दलचं एखादं वाक्य त्याने काढायला सांगितलं तर मात्र काढा.

आणि सभेच्या तारखेपेक्षा हरकतींच्या मुदतीची तारीख आधी बघा. सभा पुढच्या महिन्यात आहे, मुदत कदाचित त्याआधीच संपत असेल. दुसरी रिग पोचायला लागणारे दिवस, तवंग अडवायचे अडथळे, कामगारांचं प्रशिक्षण, मासळीच्या नोंदी, अहवाल लोकांच्या भाषेत मिळावा ही मागणी, एवढं दोन पानांत लिहा. पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली, आणि तिच्या प्रती तीन वेगवेगळ्या घरांत ठेवा.